साबुदाणा, खड्डे आणि दिव्यावरचे किडे

आषाढी एकादशी चार दिवसांवर आली की साबुदाणा मांसाहारी असल्याचा तो मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर हमखास येतो. श्रावणी सोमवारी पुन्हा येतो, नवरात्रात येतो, महाशिवरात्रीला तर एकाच सकाळी तिघांकडून. या वेळी तो रामबागेतल्या आत्याने पाठवला आणि खाली लिहिलं, "मी तर आजपासून बंद केला बाबा." आत्याच्या हातची खिचडी बंद होणं ही आमच्याकडे साधी गोष्ट नाही. म्हणून लिहायला बसलो.

मेसेज कोणी वाचलाच नसेल तर (असा मराठी माणूस इंदुरात सापडणं अवघड) थोडक्यात सांगतो. तमिळनाडूत सेलमकडे साबुदाण्याचे कारखाने आहेत. तिथे एका कंदाचा गर उघड्या खड्ड्यांत महिनोन्‌महिने सडवतात. रात्री खड्ड्यांवर मोठे दिवे लावतात, त्यावर झेपावलेले किडे आत पडतात, लगद्यात अळ्या होतात. मग मजूर तो लगदा पायांनी तुडवतात, यंत्रातून त्याच्या गोळ्या पाडतात, वर पॉलिश करतात. सबब साबुदाणा मांसाहारी. दहा जणांना पाठवा.

यातलं सेलम खरं, कंद खरा, यंत्रही खरं. असल्या मेसेजची हीच तर गंमत असते, दोन खऱ्या खुंट्या ठोकायच्या आणि त्यांवर वाटेल ते वाळत घालायचं.

आधी सडवण्याचं बघू, कारण बाकी सगळी इमारत त्यावरच उभी आहे. हा कंद म्हणजे कसावा, केरळातला कप्पा. जमिनीतून उपटला की दोन-तीन दिवसांत खराब व्हायला लागतो, आणि हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आमचे शेजारी केरळचे. मागच्या वर्षी सुट्टीवरून परतताना त्यांनी पिशवीभर कप्पा आणला. दोन दिवस रेल्वेत, एक दिवस घरात. वहिनींनी पहिला कंद चिरला तर पांढऱ्या गरात सालीच्या कडेकडेने निळसर काळ्या रेघा, शाई फुटल्यासारख्या. दुसऱ्यातही तेच. निम्मी पिशवी कचऱ्याच्या गाडीत गेली.

आता कारखानदाराच्या जागी उभं राहून विचार करा. सेलमच्या भागात कंदाचा भाव नुसत्या वजनावर ठरत नाही, त्यात स्टार्च किती त्यावर ठरतो, 'पॉइंट'च्या हिशेबाने. ताज्या कंदात स्टार्च साधारण पाव हिश्शाच्या आसपास, म्हणजे चार-पाच किलो कंदाला जेमतेम एक किलो साबुदाणा. कंद सडतो म्हणजे जंतू तोच स्टार्च खात असतात. ज्या मालाचे पैसे पॉइंट मोजून दिले तो खड्ड्यात महिनोन्‌महिने ठेवून जंतूंना खाऊ घालणारा व्यापारी मी तरी आमच्या इंदूरच्या किराणा बाजारात, सियागंजात, पाहिलेला नाही, सेलमलाही नसावा.

होतं ते असं. ट्रक आला की कंद सोलतात, धुतात आणि पाणी सोडत यंत्रात बारीक किसतात. किसाचं दूध बारीक जाळीच्या चाळण्यांमधून गाळतात, चोथा वेगळा निघतो. ते पांढरं दूध टाक्यांत काही तास, फार तर रात्रभर निवळू देतात. आपण कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढतो, अगदी तसंच. वरचं पाणी काढून टाकायचं, तळाला बसलेला घट्ट थर घ्यायचा. कुरडयांचा चीक घालणाऱ्या बाईला कोणी "तुम्ही गहू सडवता" म्हणत नाही. खरं तर गहू आपण चांगला तीन दिवस आंबवतो, कंदाच्या वाट्याला तेवढेही दिवस येत नाहीत.

मेसेजात एक ओळ आहे की या रस्त्याने जाताना भयंकर वास येतो. येत असेल. निवळलेलं पाणी बाहेर सोडलं की त्यातला उरलासुरला स्टार्च आंबतो आणि त्याला आंबट, नकोसा वास सुटतो. सांडपाण्याची ही तक्रार खरी आहे. त्याच पाण्यापासून बायोगॅस काढण्याचे प्लँट कित्येक कारखान्यांनी बसवलेत. पण वास टाकून दिलेल्या पाण्याचा आहे, ताटातल्या दाण्याचा नाही.

दिव्यांचं काय? दिवे असतात, कारण हंगामात रात्रपाळी चालते आणि अंधारात कंद सोलता येत नाही. उघड्या टाकीत पाखरू पडणं अशक्य आहे असं मी म्हणणार नाही. गुऱ्हाळाच्या काहिलीवर काय घोंघावतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांनी गूळ सोडलेला नाही. पण किडे पडावेत म्हणून दिवे लावायचे, यात कोणाचा फायदा? पडलेला किडा पाण्यावर तरंगतो आणि ते पाणी टाकूनच देतात. स्टार्चच्या थराचा वरचा मळकट पापुद्राही खरवडून काढतात, कारण तो राहिला तर दाणा मळका दिसतो आणि भाव पडतो. राहिल्या अळ्या. काही तासांत रिकामी होणारी टाकी म्हणजे अळ्यांनी संसार थाटायची जागा नव्हे.

पायांचा मुद्दा मी खोडणार नाही. टाकीत तळाला बसलेला स्टार्च दगडासारखा घट्ट होतो आणि तो फोडून काढायला माणसं टाकीत उतरतात. जुन्या पद्धतीच्या कारखान्यांत अनवाणी उतरत आलेत, तसे व्हिडिओ आहेत आणि सगळे काही बनावट नाहीत. हे बदललं पाहिजे, माणसाच्या पायांसाठी आणि आपल्या पोटासाठीही. फक्त अस्वच्छ आणि मांसाहारी हे दोन शब्द वेगळे आहेत. आमच्या लहानपणी गच्चीवर बटाट्याच्या कीसावरून किती मांजरं चालून गेली याचा हिशेब आजीनेसुद्धा ठेवला नव्हता.

यंत्राचं म्हणाल तर साबुदाणा हे फळ नाही, बी नाही, हे मेसेजवाल्याला मोठं गुपित हाती लागल्यासारखं वाटतं. दाणा माणूसच घडवतो, पहिल्यापासून. मूळचा 'सागू' मलाया-जावाकडच्या एका ताडाच्या बुंध्यातल्या गराचा, तोही असाच गाळून गोल केलेला. दुसऱ्या महायुद्धात तिकडून येणारा माल बंद पडला आणि 1943 च्या सुमारास सेलमला कसाव्यापासून तसा दाणा करायला सुरुवात झाली. ओलसर स्टार्च हलत्या झोळीत किंवा यंत्रात घोळवला की त्याच्या गोळ्या वळतात, मोदकाची उकड करताना परातीत पीठ गोळा होतं तशा. त्या चाळून किंचित खोबरेल लावलेल्या तापल्या पत्र्यावर भाजतात आणि उन्हात वाळवतात. भाजताना दाण्याचं बाहेरचं कवच शिजतं, आत कच्चा स्टार्च राहतो. म्हणून भिजवल्यावर दाणा फुगतो पण विरघळत नाही. भाजण्याऐवजी वाफेवर पूर्ण शिजवला तर तो काचेसारखा होतो. त्याला बाजारात नायलॉन साबुदाणा म्हणतात. या नावावरून एक वेगळाच मेसेज फिरतो, प्लॅस्टिकचा साबुदाणा! मेडिकलमधून टिंक्चर आयोडीन आणा आणि भिजलेल्या दाण्यावर एक थेंब टाका. दाणा निळाकाळा होतो, कारण तो स्टार्च आहे. प्लॅस्टिकचा बटण तसाच राहील.

आता आत्याचा खास मुद्दा. हा कंद परदेशी आहे, म्हणून उपवासाला चालत नाही. कंद दक्षिण अमेरिकेतला, पोर्तुगीजांबरोबर इकडे आला, आणि 1880 ते 85 गादीवर असलेल्या विशाखम तिरुनाळ महाराजांनी त्रावणकोरात तो जोमाने लावायला लावला. अगदी मान्य. पण मग ताटातलं बाकीचं बघू. बटाटा अमेरिकेतला. शेंगदाणा तिथला. मिरची तिथली. रताळं तिथलं, राजगिराही. परदेशी वर्ज्य करायचं ठरवलं तर एकादशीला वरीचे तांदूळ आणि ताक एवढ्यावर बसावं लागेल. हे मी ग्रुपवर टाकलं तेव्हा आत्याचा डोळा मारणारा इमोजी आला, एवढंच.

मेसेजाने जे सांगायला हवं होतं ते मात्र त्यात कुठेच नाही. साबुदाण्यात खरी गडबड होते ती रंगाची. कंद नीट न सोलता किसला की माल मळकट येतो, मग तो पांढरा करायला ब्लीच आणि आम्लं वापरणारे निघतात. सेलमच्या अन्नसुरक्षा अधिकाऱ्यांनी असा माल वेळोवेळी जप्त केलाय. हे कशासाठी चालतं, तर तुम्हाआम्हाला मोत्यासारखा शुभ्र दाणा लागतो म्हणून.

शनिवारी सियागंजात गेलो. दुकानदाराने दोन पुडे उघडून समोर ठेवले. एक ट्यूबलाइटसारखा पांढरा, दुसरा किंचित सायीच्या रंगाचा, निस्तेज. पांढरा माल सगळाच ब्लीचचा असतो असं नाही, नीट सोललेल्या कंदाचाही पांढरा येतो. पण नजरेने ते ओळखता येत नाही, म्हणून दुसऱ्यावर बोट ठेवलं. तो हसला. "भिया, ये तो कोई नहीं ले जाता, सबको सफेद चाहिए." किलोमागे दोन रुपये कमी घेतले.

एकादशीच्या आदल्या संध्याकाळी तो आत्याकडे पोचवला. तिने मूठभर तळहातावर घेतला, दोन दाणे दाताखाली फोडून पाहिले, कचकच लागत नाही म्हणाली. मग धुवायला घेतला. आमच्याकडे इंदुरी पद्धतीने खिचडी भगोन्यातल्या पाण्याच्या वाफेवर होते, तुपात परतत नाहीत, त्यामुळे दाणा कसा भिजलाय हे लपत नाही. सकाळी फोन आला.

"मोकळी झालीय. पण दाणा जरा पिवळट दिसतो रे, पुढच्या वेळी पांढरा बघून आण."