पेंचमध्ये बर्फ कधी पडला?

लाळ गाळत, मान खाली टाकून झोकांड्या खाणारं हरीण. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हा व्हिडिओ तिसऱ्यांदा आला. खाली मजकूर: ‘झॉम्बी व्हायरस पेंचमध्ये पोचला. माणसालाही होतो, मांस नीट शिजवा. अमेरिकेने शिकार करूनच हा रोग संपवला, आपणही शिकार खुली करा.’

आधी व्हिडिओच नीट पाहा. हरणाच्या अंगावर एक ठिपका नाही. चितळाचे ठिपके जन्मभर जात नाहीत. सांबर असेल म्हणाल, तर पायाखाली बर्फ आहे. पेंचच्या सिल्लारी गेटवर बर्फ कोणी पाहिला असेल तर सांगा बाप्पा.

रोग मात्र खरा आहे. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, १९६७ मध्ये कोलोरॅडोत पहिल्यांदा दिसला. तो व्हायरसने होत नाही, प्रायॉनने होतो, म्हणजे घडी चुकलेल्या प्रथिनाने. म्हणून ‘नीट शिजवा’ हा सल्ला सगळ्यात घातक. प्रायॉन शिजवून मरत नाही, कारण मुळात तो जिवंतच नसतो. मातीतही वर्षानुवर्षं टिकतो. माणसाला हा रोग झाल्याची एकही खात्रीची नोंद नाही. तरी तिथल्या शिकाऱ्यांना सल्ला असतो: हरीण तपासून घ्या आणि बाधित निघालं तर खाऊ नका. भारतातल्या हरणांत तो सापडलेला नाही.

आणि शिकारीने संपवला? अमेरिकेत दरवर्षी लाखो हरणं मारली जातात, तरी रोग ३० हून जास्त राज्यांत पोचलाय. नॉर्वेने तर नोर्डफिएला भागातला २,००० हून अधिक रेनडियरचा अख्खा कळप मारून टाकला. २०२० मध्ये रोग शेजारच्या हार्डांगरविड्डात निघाला. उलट रोगाचाच फटका शिकारीला बसतो. विस्कॉन्सिनमध्ये तो २००२ साली सापडला आणि त्या वर्षी शिकारीचे परवाने घटले. तिथलं वन्यजीव खातं बरंचसं त्याच पैशावर चालतं.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. बरा होणारच नाही असा प्राणी मारायची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात. तेवढी वाट पुरे.

लाळेची भीती घालायचीच तर लाळ्या-खुरकुताची घाला. गाई-म्हशींचा हा रोग चितळांना, गव्यांनाही होतो. गावची गुरं दिवसा ज्या तळ्यावर पाणी पितात, रात्री तिथंच चितळ उतरतात. म्हणून याच कायद्याच्या कलम ३३अ मध्ये अभयारण्यापासून ५ किलोमीटरच्या आतल्या गुरांना लस टोचायची तरतूद आहे. पेंचलगतच्या देवलापारकडे कुणाचे सोयरे असतील तर गोठ्यात लस टोचून झाली का, तेवढं विचारा. आणि लाळ गाळणारं हरीण खरंच दिसलं, तर व्हिडिओ नंतर काढा, आधी वनविभागाच्या १९२६ वर फोन लावा.