कारखान्यात चालतं कोणाचं?

एक मेसेज सध्या बराच फिरतो आहे: ‘भांडवलशाहीत उत्पादनाचा ताबा मालकाकडे, कारण पैसा त्याचा आणि जोखीमही त्याचीच. समाजवादात तो ताबा सरकारकडे. आणि कामगारांच्या हाती दिलात तर कारखाना बुडणारच.’

जोखमीचं आधी. घरदार गहाण टाकून धंदा उभा करणाऱ्याची जोखीम खरीच असते. पण मोठ्या कंपनीच्या भागधारकाचं नुकसान फार तर शेअरमध्ये घातलेल्या रकमेएवढं. कंपनीचं कर्ज त्याच्या घरावर येत नाही, आणि नको वाटलं तर शेअर विकून तो मोकळा. कारखान्याला टाळं लागलं की रोजगार जातो तो कामगाराचा. जोखमीवरूनच हक्क ठरवायचा, तर मग त्यालाही मत द्या.

‘समाजवाद म्हणजे सरकार’ हे तर इतिहासाला सोडूनच आहे. रशियात 1917 साली कारखान्याकारखान्यांत कामगारांच्या समित्या उभ्या राहिल्या, नोव्हेंबरात त्यांच्या देखरेखीच्या हक्काचा हुकूमनामाही निघाला. काही महिन्यांतच लेनिन एकाच व्यवस्थापकाच्या हुकमतीचा आग्रह धरू लागले. उद्योग कामगार संघटनांकडे सोपवा म्हणणाऱ्या श्ल्यापनिकोव्ह आणि कोलोन्ताय या लेनिनच्याच कम्युनिस्ट पक्षातल्या नेत्यांच्या गटाचं तोंड 1921च्या पक्ष अधिवेशनात बंद करण्यात आलं. म्हणजे वाद समाजवाद्यांमधलाच होता, आणि त्यात सरकारवाल्यांची सरशी झाली. ब्रिटनमध्ये 1 जानेवारी 1947 रोजी कोळसा खाणी सरकारी मालकीच्या झाल्या आणि त्यांवर पाट्या लागल्या: ही खाण आता जनतेच्या वतीने राष्ट्रीय कोळसा मंडळ चालवतं. पाटी नवी, पण बऱ्याच ठिकाणी साहेब जुनेच. खाली उतरून कोळसा काढणाऱ्याला ते मंडळ निवडता येत नव्हतं. याला समाजवाद म्हणणं मला तरी जड जातं.

राहिलं बुडण्याचं. स्पेनच्या बास्क प्रदेशात 1956 साली सुरू झालेला मोंद्रागोन हा सहकारी समूह आजही उभा आहे. तिथे सभासद कामगार एक व्यक्ती, एक मत या नियमाने आपलं कारभारी मंडळ निवडतात. त्यातली घरगुती उपकरणं बनवणारी फागोर ही संस्था 2013 साली बुडाली, हे खरं. पण खासगी कारखाना बुडाला म्हणून खासगी मालकीच चुकीची, असं कोणी म्हणत नाही. शिवाय फागोरच्या अनेक सभासदांना समूहातल्या इतर संस्थांनी सामावून घेतलं. मोंद्रागोनवर आक्षेप घ्यायचाच तर तो वेगळा आहे, आणि तो गंभीर आहे: त्यांच्या परदेशी उपकंपन्यांत राबणाऱ्यांना बहुतेक ठिकाणी सभासदत्वच नाही, म्हणजे मतही नाही.