कर्ज काढून घेतलेली गाडी म्हणे फुकट पडते!

एक मेसेज घरोघरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतो आहे. तो आमच्या ग्रुपवरही येऊन पडला आणि नुकत्याच नोकरीला लागलेल्या भाच्याने तो वाचून चांगली चालू असलेली मुदत ठेव मोडायला काढली. म्हणून हे सविस्तर लिहावं लागतंय.

मेसेज थोडक्यात असा: ‘गाडी रोखीने घेणारे मूर्ख. हातात १० लाख असतील तर ते इक्विटी म्युच्युअल फंडात टाका आणि गाडीसाठी १० लाखांचं कर्ज काढा. ९ टक्के व्याज, ७ वर्षं मुदत, हप्ता १६,०८९. बँकेला एकूण १३.५१ लाख जातील. फंडात १२ टक्क्यांनी १० लाखांचे २२.११ लाख होतील. म्हणजे गाडी फुकट आणि वर ८.६० लाख नफा.’ पुढे फोडणीला चार मुद्दे: हप्ता पगारातून भरायचीही गरज नाही, तो फंडातूनच एसडब्ल्यूपी (फंडातून दरमहा ठरलेली रक्कम काढायची सोय) लावून जाईल, शोरूममध्ये तर ५.५ टक्क्यांनी कर्ज मिळतं. व्याजावर कर वाचतो. थांबाल तर किंमत वाढेल. ज्यांच्याकडे १० लाख नाहीत त्यांच्यासाठी शेवटी एक ओळ: ‘रोज १०० रुपये बाजूला टाका, ५ वर्षांत गाडी दारात.’ आणि तळाशी डिमॅट, म्हणजे शेअर ठेवायचं खातं, उघडून देणाऱ्याचा मोबाइल नंबर. तो नंबर आधी वाचला असता तर बाकीचं वाचायची वेळ आली नसती.

सगळ्यात आधी ते ८.६० लाख. मेसेजमधली बेरीज-वजाबाकी बरोबर आहे, पण ती ज्या दोन आकड्यांची केली आहे त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. बँकेला गेलेले १३.५१ लाख दर महिन्याला पगारातून गेलेत. ज्याने गाडी रोखीने घेतली त्याच्या पगारातून हे १६,०८९ जात नाहीत, ते त्याच्याकडे शिल्लक राहतात. त्या पैशाचं तो काय करतो, हे मेसेज विचारतच नाही. समजा, त्यानेही तेवढ्याच रकमेची एसआयपी, म्हणजे दरमहाची गुंतवणूक, त्याच फंडात लावली. तोच १२ टक्के परतावा धरला तर ८४ महिन्यांनी त्याचे होतात २०.५३ लाख. म्हणजे कर्जवाला २२.११ वर, रोखवाला २०.५३ वर. गाडी दोघांकडे आहे, हप्त्याइतकी रक्कम दोघांनीही दरमहा बाजूला काढली आहे. फरक १.५८ लाखांचा. ८.६० कुठे आणि १.५८ कुठे!

त्यात अजून कर यायचा आहे. इक्विटी फंडाच्या दीर्घकालीन नफ्यावर वर्षाला १.२५ लाखांपर्यंत सूट आणि त्यापुढे १२.५ टक्के कर, असा नियम २०२४ च्या जुलैपासून आहे. सगळं एकाच वर्षात विकलं तर कर्जवाल्याला १२.११ लाखांच्या नफ्यावर सेससकट साधारण १.४१ लाख कर लागेल. रोखवाल्याचा नफा ७ लाखांच्या आसपास, त्याचा कर साधारण ७५ हजार. फरक उरला ९२ हजार. सात वर्षं बाजाराची आणि बँकेची अशी दोन्ही जोखीम डोक्यावर घेऊन महिन्याला अकराशे रुपयेसुद्धा पूर्ण सुटत नाहीत. प्रोसेसिंग फी आणि स्टँप ड्यूटी यातून वेगळी जाते.

परतावा १२ टक्के मिळालाच तर कर्जवाला थोडा पुढे राहतो, हे मान्य करावं लागेल. पण कर्जाचा ९ टक्के हा वार्षिक दर असला तरी व्याज महिन्याच्या महिन्याला लागतं, म्हणजे वर्षाचा खरा दर ९.३८ पडतो. फंडाने तेवढाच परतावा दिला तर फायदा शून्य. ८ टक्के दिला तर कर्जवाल्याचे १७.१४ लाख आणि रोखवाल्याचे १७.८५, म्हणजे कर्जवालाच ७१ हजारांनी मागे. आणि १२ टक्के मिळतीलच, असं कोण लिहून देतंय? परताव्याची हमी देऊन म्युच्युअल फंड विकायला बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीची मनाई आहे. शेअर बाजाराचा निर्देशांक निफ्टी ८ जानेवारी २००८ ला ६,२८७ वर बंद झाला होता. २०१० च्या दिवाळीत तो जरासा त्याच्या वर गेला, पुन्हा घसरला आणि २०१३ ची दिवाळी उजाडली तेव्हा परत तिथेच पोचला होता. लाभांश सोडला तर जवळपास सहा वर्षं मुद्दल जागच्या जागी. गाडीचं सात वर्षांचं कर्ज एवढ्या काळात फिटत येतं.

तरी हा मुद्दा फार तर फसवा म्हणता येईल. खरा घात एसडब्ल्यूपीमध्ये आहे, आणि तरुण मुलांना नेमकं तेच आवडतं: ‘हप्ता फंड भरेल, पगाराला हात लावायचा नाही.’

एसडब्ल्यूपी म्हणजे दर महिन्याला ठरलेल्या रकमेची युनिट्स (फंडातले आपले हिस्से) विकून पैसे खात्यात घेणं. भाव चढला असेल तर कमी युनिट्स जातात, पडला असेल तर जास्त. १६,०८९ चा आकडा मात्र बदलत नाही. १० लाख टाकले, सातही वर्षं न चुकता १२ टक्के मिळाले, तर शेवटी फंडात उरतात तेच १.५८ लाख. ८.६० लाखांचा इथेही पत्ता नाही.

आता पहिल्याच वर्षी बाजार ३० टक्के पडला असं धरा. ही काही ओढूनताणून आणलेली कल्पना नाही. सेन्सेक्स २० जानेवारी २०२० ला ४२,२७३ ला शिवला होता आणि २३ मार्चला २५,९८१ वर बंद झाला. दोन महिन्यांत ३८ टक्क्यांहून जास्त घसरण. तर पहिल्या वर्षात ३० टक्के उतार आणि दर महिन्याला हप्ता काढणं, असं झालं तर वर्षअखेर १० लाखांतले उरतात ५.३५ लाख. पुढे दरवर्षी ठणठणीत १२ टक्के मिळाले तरी हे पैसे आणखी ४० महिने पुरतात. म्हणजे ८४ पैकी ५२ हप्ते फंड भरतो आणि बाविसावं-तेविसावं वर्ष चालू असलेला मुलगा सव्वीस-सत्ताविशीत येतो तेव्हा ३२ हप्ते, ५ लाखांहून जास्त रक्कम, पगारातून भरायला उरते. तोवर त्या पगारावर घरभाडं किंवा लग्नाचा खर्च येऊन बसलेला असतो. पुढची सगळी वर्षं परतावा चांगला असूनही हे होतं, कारण पडत्या भावात विकलेली युनिट्स बाजार वर आला तेव्हा हातात नसतात. शिवाय पहिल्या वर्षात काढलेल्या पैशावर बहुतेक इक्विटी फंडांचा एक्झिट लोड, म्हणजे लवकर पैसे काढल्याचा आकार, असतो, आणि वर्षाच्या आतल्या नफ्यावर २० टक्के कर.

कोणी म्हणेल, जमलं नाही तर गाडी विकून टाकू. विका, पण कितीला? मोटार विम्याच्या जुन्या टॅरिफमध्ये घसाऱ्याचा तक्ता आहे आणि तोच अजून वापरात आहे: एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के, दोन ते तीनला ३०, तीन ते चारला ४०, चार ते पाचला ५० टक्के वजावट. आणि ही वजावट गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या किमतीतून होते, ऑन-रोडमधून नाही. महाराष्ट्रात ८.५० लाख एक्स-शोरूमची पेट्रोल गाडी घेतली तर ११ टक्के रोड टॅक्स, म्हणजे ९३,५०० रुपये, वर विमा, नोंदणी आणि फास्टॅग मिळून ऑन-रोड किंमत १० लाखांच्या घरात जाते. तीन वर्षं झाली की तिचा आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली किंमत, ५.१० लाख. बँकेची बाकी मात्र तेव्हा ६.४७ लाख असते. गाडी चोरीला गेली किंवा अपघातात पार निकामी झाली तर विमा कंपनी ५.१० लाख देते, ते आधी बँकेकडे जातात आणि गाडी नसताना वरचे १.३७ लाख खिशातून भरावे लागतात. यावर उपाय म्हणून ‘रिटर्न टू इन्व्हॉइस’, म्हणजे गाडीची बिलातली किंमत देणारा जोडविमा, विकतात. ते साधारण पहिली तीन वर्षंच मिळतं, म्हणजे खड्डा खोल असतो तेव्हाच संपतं. डाउन पेमेंट भरायला सांगतात ते याचसाठी. तसंही बऱ्याच बँका ऑन-रोड किमतीच्या ८० ते ९० टक्केच कर्ज देतात, त्यामुळे मेसेजमधलं ‘पूर्ण कर्ज’ इथेच अडतं.

शोरूममधले ५.५ टक्के: हा फ्लॅट रेट असतो. मूळ १० लाखांवर सातही वर्षं व्याज लावायचं, तुम्ही मुद्दल फेडत आलात याचा विचारच नाही. १० लाखांवर वर्षाला ५५ हजार, सात वर्षांचे ३.८५ लाख, हप्ता १६,४८८. बँकेच्या ९ टक्क्यांच्या हप्त्याहून हा ३९९ रुपयांनी जास्त. घटत्या बाकीवर हिशोब केला तर हाच दर ९.८ टक्क्यांच्या आसपास पडतो. पडताळून पाहायचं तर एक्सेलमध्ये रेट हे फंक्शन आहे: महिने ८४, हप्ता उणे १६,४८८, मुद्दल १० लाख, उत्तराला १२ ने गुणायचं.

एवढंही करायचं नसेल तर एक कागद मागा. रिझर्व्ह बँकेच्या १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे, १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या प्रत्येक नव्या किरकोळ, म्हणजे वैयक्तिक ग्राहकाच्या, मुदत कर्जासाठी केएफएस, म्हणजे की फॅक्ट स्टेटमेंट, देणं बँकांना आणि फायनान्स कंपन्यांना बंधनकारक आहे. त्यात एपीआर असतो: व्याज, प्रोसेसिंग फी आणि कर्जासोबत बँकेमार्फत गळ्यात मारलेला विमा, हे सगळं धरून पडणारा वार्षिक दर. फ्लॅट रेटचं सोंग तिथे चालत नाही. सोबत हप्त्यांचा तक्ता असतो. केएफएसमध्ये न लिहिलेलं शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. आणि त्यातल्या अटी मान्य करायला किमान तीन कामाचे दिवस मिळतात. त्यामुळे ‘आज सही केली नाही तर ऑफर गेली’ असं शोरूममधला माणूस म्हणाला तर केएफएस घेऊन सरळ घरी यावं. त्यातच मुदतीआधी फेडल्यास काय दंड ते पाहावं. गाडीचं कर्ज बहुधा स्थिर दराचं असतं, आणि फ्लोटिंग दराच्या कर्जाला असलेली दंडमाफी त्याला आपोआप लागू होत नाही.

कर वाचतो म्हणे. अर्ध सत्य. गाडी व्यवसायासाठी वापरणाऱ्या डॉक्टर, वकील, व्यापारी यांना व्याज आणि १५ टक्के घसारा खर्चात दाखवता येतो, तोही व्यवसायातल्या वापरापुरता. स्वतःच्या पैशाने गाडी घेणाऱ्या पगारदाराला काही नाही. इलेक्ट्रिक गाडीच्या व्याजावर ८०-ईईबी खाली दीड लाखापर्यंत वजावट होती, पण ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच. मेसेज लिहिणाऱ्याने तेव्हापासून कॅलेंडर बदललेलं दिसत नाही.

किंमत वाढत जाते, हे सर्वसाधारणपणे खरं आहे. पण २२ सप्टेंबर २०२५ ला छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक सेसवरून १८ टक्क्यांवर आला, आणि घाईने ऑगस्टमध्ये गाडी उचललेले लोक हात चोळत बसले.

रोज १०० रुपयांबद्दल काय बोलायचं! महिन्याचे ३,०००. १२ टक्के मिळाले तरी ५ वर्षांत होतात २.४१ लाख. १० लाख व्हायला साडेबारा वर्षं लागतील आणि तोवर ती गाडी १० लाखांत मिळणार नाही.

ज्याला तीन-चार वर्षांत गाडी हवी आहे त्याने तेवढ्यापुरतं इक्विटीचं नाव काढू नये. महिन्याला १०,००० ची आरडी (बँकेतली आवर्ती ठेव), ६.५ टक्के, ३६ महिने: ३.९८ लाख. व्याजावर स्लॅबप्रमाणे कर लागतो, तो धरूनच चालायचं. डेट फंडाचं (कर्जरोख्यांत पैसे लावणाऱ्या फंडाचं) आकर्षणही आता फारसं उरलेलं नाही, कारण १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या युनिट्सच्या नफ्यावर स्लॅबप्रमाणेच कर आहे. गाडी १० लाखांची धरली तर उरलेल्या ६ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी ४ वर्षांसाठी घ्यावं. हप्ता १४,९३१, एकूण व्याज १.१७ लाख. मेसेजमधल्या कर्जाचं व्याज ३.५१ लाख होतं. तीन वर्षांत किंमत लाखभर वाढली तर हप्ता अडीच हजारांच्या आसपास वाढेल. आरडीचे १०,००० भरताना ओढाताण होत असेल, तर त्या पगाराला १७,००० चा हप्ताही झेपणार नाही, आणि ते गाडी घ्यायच्या आधी कळलेलं बरं.