खुलासा : गाडी ठाण्याहून सुटली नव्हती, आणि सूटही तेवढी नाही

‘१६ एप्रिल १८५३ला देशातली पहिली प्रवासी गाडी ठाण्याहून सुटली, म्हणून गोखले रोडवरच्या आमच्या दुकानात पैठणी फक्त १८ रुपये ५३ पैशांत’ असा मेसेज सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. गाडी सुटली बोरीबंदरहून, ठाण्याला ती आली. ३४ किलोमीटर, १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे; ओढायला साहिब, सिंध, सुलतान अशी तीन इंजिनं.

सूट आहे १८ टक्के, तीही सुती साड्यांवर. ५३ पैसे कुणाच्या डोक्यातून निघाले, देव जाणे! काल एक काकू काउंटरवर सुटे १९ रुपये ठेवून मोरपंखी पैठणी मागत होत्या. चहा पाजून समजूत घातली. वर म्हणतात, “मग उरलेले ४७ पैसे तुम्हीच ठेवणार होतात?”