ब्लेंडेड प्रशिक्षणातला प्रत्यक्ष सराव गेला कुठे?

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या आमच्या रासायनिक कारखान्यात सुरक्षा प्रशिक्षण ‘ब्लेंडेड’ करण्याचे ठरले, तेव्हा आम्हाला सांगण्यात आले की माहितीचा भाग कामगार मोबाईलवर सवडीने पाहतील आणि त्यामुळे वाचणारा वर्गातला वेळ यार्डातल्या प्रत्यक्ष सरावाला मिळेल. ही कल्पना मुळात उत्तम आहे, आणि म्हणूनच तिचे जे काही करून ठेवले आहे ते पाहून माझा संताप अनावर होतो. व्हिडिओ ठरल्या दिवशी सुरू झाले. सराव मात्र आधी पुढच्या तिमाहीत, मग शटडाउननंतर, मग बजेट मंजूर झाल्यावर असा ढकलत ढकलत नेला आणि शेवटी त्याचे नाव घेणेही बंद झाले. कागदोपत्री मात्र प्रत्येक कामगाराच्या नावापुढे ‘प्रशिक्षण पूर्ण’ असा शेरा आहे.

हा शेरा किती पोकळ आहे ते ज्याने कधी हातात अग्निशामक सिलिंडर धरला आहे त्यालाच कळेल. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर सोडला की त्याच्या भोंग्यातून उणे ७८ अंशांच्या आसपास थंड असलेला बर्फाचा चुरा बाहेर पडतो. भोंगा मुठीशी न धरता मधोमध पकडला तर तळहाताची कातडी गोठून त्याला चिकटू शकते. पावडरचा सिलिंडर अर्ध्या मिनिटाच्या आत रिकामा होतो, त्यामुळे ज्वाळांच्या बुडाऐवजी शेंड्यावर फवारत बसणाऱ्याचा सिलिंडर संपतो आणि आग तशीच राहते. पिन ओढताना दांडा दाबलेला असेल तर पिन अडकते, आणि घाबरलेला माणूस नेमका दांडाच घट्ट दाबतो. ही चूक यार्डात, सरावासाठी आग पेटवलेल्या ट्रेसमोर, प्रशिक्षक शेजारी उभा असताना होते आणि तिथेच सुधारते. मोबाईलच्या पडद्यावर पिनेच्या चित्राला बोट लावले की पिन निघते. त्यातून हाताला काय कळणार?

श्वसनसंचाचे तर विचारूच नका. मुखवटा चेहऱ्याला नीट बसला आहे की नाही हे पाहण्यासाठी नळीचे तोंड तळव्याने बंद करून आत श्वास ओढायचा असतो. मुखवटा चेहऱ्यावर ओढला जाऊन तसाच राहिला तर बसला, कडेने हवा आली तर गळतो आहे. दाढीचे खुंट वाढलेले असले तरी तो गळतो. हे वाक्य व्हिडिओत आहे, चाचणीतही त्यावर प्रश्न आहे, आणि त्याचे बरोबर उत्तर देऊन पूर्ण गुण मिळवलेला आमचा एक तरुण ऑपरेटर दाढीसकट मुखवटा चढवून टाकीच्या तोंडाशी उभा राहिलेला मी स्वतः पाहिला आहे. त्याला माहिती होती. त्याला सवय लावली गेली नव्हती, आणि ती लावणे हे कंपनीचे काम होते.

बरे, ऑनलाइन भाग तरी धड आहे का? व्हिडिओ इंग्रजीत, उपशीर्षके हिंदीत, आणि ते पाहायचे रात्रपाळी संपल्यावर, स्वतःच्या डेटावर, ठाण्याकडे जाणाऱ्या ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये उभ्याने. या वेळेचा पगार नाही. कंत्राटी कामगारांकडे कंपनीचा ईमेल नसल्याने त्यांचे लॉगिन ठेकेदाराच्या सुपरवायझरकडे असतात, आणि महिनाअखेरीस तो कँटीनमध्ये बसून एकामागून एक सगळ्यांच्या चाचण्या स्वतः सोडवतो. टाकी साफ करायला, ड्रम उचलायला, म्हणजे सर्वांत धोक्याच्या कामाला पुढे केली जाणारी हीच माणसे आहेत. वरिष्ठांना हे ठाऊक नाही असे कोणी म्हणू नये. त्यांना मी लेखी कळवले आहे.

डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळमध्ये जे घडले त्यानंतर, १९८७ साली, कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली आणि कलम १११-अ आले. शक्य असेल तिथे कारखान्यातच प्रशिक्षण मिळणे, नाहीतर मालकाच्या खर्चाने मान्यताप्राप्त संस्थेत मिळणे, हा कामगाराचा हक्क आहे असे त्यात स्पष्ट लिहिले गेले. हजारो माणसे मेल्यावर पदरात पडलेला हा हक्क एका लिंकवर उरकायचा, हे मला सहन होत नाही. जागा नाही, प्रशिक्षक मिळत नाहीत, ही कारणे तर नवी मुंबईत देऊच नयेत. औद्योगिक सुरक्षेचे प्रशिक्षण देणाऱ्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचे मुख्यालय बेलापूरला आहे, असेच प्रशिक्षण देणारी केंद्रीय श्रम संस्था शीवला आहे. २०२० मध्ये टाळेबंदीमुळे वर्ग बंद करावे लागले, ते सर्वांनी समजून घेतले. टाळेबंदी केव्हाच उठली. यार्डातला सराव बंद ठेवण्याचे आज खर्च वाचवणे याखेरीज एकही कारण नाही.

माझे मागणे फार मोठे नाही. व्हिडिओ मराठीत आणि हिंदीत करा, ते पाळीच्या वेळेत आणि कारखान्यातल्या पडद्यावर दाखवा, प्रत्येक पाळीला अर्धा दिवस यार्डात द्या, आणि कंत्राटी कामगाराची हजेरी त्याला प्रत्यक्ष समोर उभा करून घ्या. पाळीप्रमुख म्हणून प्रत्येक प्रमाणपत्रावर ‘प्रात्यक्षिक पाहिले’ या ओळीखाली माझी सही लागते. पुढच्या तुकडीचे कागद माझ्या टेबलावर येऊन पडले आहेत. यार्डात ट्रे पेटेपर्यंत त्यांतल्या एकाही कागदावर मी सही करणार नाही, आणि का करत नाही हे प्रत्येक कागदावर लिहून तो परत पाठवणार आहे.