काड्यापेटी कोणाला म्हणतोस रे?

सकाळी सकाळी डोकं फिरलंय. भाच्याने घरच्या ग्रुपवर रील टाकलं. चकाचक मरून प्रीमियर पद्मिनी, मागे वाजणारं जुनं गाणं, आणि खाली साहेबांचं मत: 'गाडी असावी तर अशी. रिअर व्हील ड्राइव्ह! मारुती ८०० म्हणजे काड्यापेटी.' वय २४. गाडीला धक्का मारायला आयुष्यात एकदाही खांदा लावलेला नाही.

आमच्याकडे दोन्ही होत्या. आधी फियाट (पद्मिनी असं घरात कोणी म्हणायचंच नाही), मग १९९३ साली ८००. आणि गावच्या घराची चढण दोघींनीही पाहिली आहे, त्यामुळे मी बोलणार.

फियाट देखणी होती, त्यात वाद नाही. पण १९६४ पासून कुर्ल्यात निघणारी तीच गाडी, १९७४ ला नाव तेवढं पद्मिनी झालं. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, म्हणून पोटाखालून ती ताकद मागे नेणारा लांबलचक दांडा, प्रोपेलर शाफ्ट. त्या शाफ्टसाठी मागच्या सीटपुढे जो उंचवटा असतो ना, त्यावर गुडघे हनुवटीला लावून मी डोंबिवली ते संगमेश्वर प्रवास केलाय, कारण मी धाकटा. रिअर व्हील ड्राइव्हचं कौतुक असणाऱ्यांनी एकदा तिथे बसून दाखवावं.

थंडीत सुरू करायला चोक ओढा, मे महिन्यात कशेडी घाटात थांबा. उन्हात पेट्रोलची पाइपातच वाफ व्हायची. बाबा बॉनेट उघडून इंजिनाच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवायचे, आम्ही दगडावर बसून पोळीभाजी खायचो. बाबा मात्र खूश! ती गाडी त्यांच्याशिवाय कोणाचं ऐकत नाही, यातच त्यांचं सगळं सुख होतं. आईने एकदा चालवायचं नाव काढलं तर म्हणाले, "स्टीअरिंगवरचे गिअर आहेत, तुला नाही जमायचे." विषय संपला.

मारुती आल्यावर आईने कोणाला न विचारता क्लास लावला. तेव्हा ती ४३ वर्षांची होती. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, १२ इंची चाकं, इंजिन आडवं आणि ताकद तिथल्या तिथे पुढच्या चाकांना. हलकी, किल्ली फिरवली की सुरू. काड्यापेटी म्हणे!

आता ती चढण. गणपतीचे दिवस, तांबड्या मातीचा नुसता चिखल, गाडीत पाच माणसं आणि डिकीत सामान. अर्ध्या चढावर पुढची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. बाबांनी तीनदा जोर लावला, तीनदा गाडी मागे आली. "फियाट असती तर..." हे त्यांनी चारदा म्हटलं. बरं बाबा, फियाट ती चढण सरळ चढायची. चढावर वजन मागे जातं आणि तिची ओढही मागेच. हे खरं आहे. पुढे ऐका.

आई म्हणाली, "उलटी चढवून बघा की. क्लासच्या मास्तरांनी सांगितलंय."
"गाडी काय खेकडा आहे?"

आईने त्यांना खाली उतरवलं. आम्हालाही उतरवलं. खाली सपाटीवर गाडी वळवली, रिव्हर्स टाकला आणि मान मागे वळवून, पदर खोचून, ती काड्यापेटी उलटी चढवत थेट अंगणात नेली. सगळं वजन आता ओढणाऱ्या चाकांवर, चाकं फिरणार कशाला? बाबा छत्री धरून चिखलात उभे. शेजारचे काका पडवीतून बघत होते, ते जास्त लागलं असावं.

परत येताना आईनेच गाडी चालवली. नंतरही बरेचदा तीच चालवायची.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली, तेव्हा बाबांनी ती बातमी दोनदा वाचली आणि पेपर घडी करून उशीखाली ठेवला. तेव्हा मी त्यांची चेष्टा केली नव्हती. भाच्याचीही केली नसती, त्याने नुसती फियाट आवडते म्हटलं असतं तर. पण ज्या आजीच्या हातचे मोदक खायला दरवर्षी येतोस, तिच्या गाडीला काड्यापेटी म्हणतोस?

यंदा ये गणपतीला. चढण अजून तशीच कच्ची आहे. तुझी ऑटोमॅटिक अडकली की आजीला हाक मार. ती ७० च्या पुढे गेली आहे, पण मान अजून मागे वळते.