मामांची बोहनी

मंगळवारी सकाळी मेल आली. साइटवर अवैध क्लिक आढळल्यामुळे आपलं जाहिरात खातं ३० दिवसांसाठी स्थगित करण्यात येत आहे. खाली 'आपल्या सहकार्याबद्दल आभार'. मी सहकार्य नेमकं कधी केलं ते मला आठवत नाही.

खात्यात त्या वेळी ९७ डॉलर ४० सेंट होते. आपल्या साइटवर जाहिराती लावून त्यांवरच्या क्लिकचे पैसे देणारी ही मंडळी १०० भरल्याशिवाय दमडी हातावर ठेवत नाहीत. तीन वर्षं सेंटाला सेंट जोडत मी तिथवर पोचलो होतो, आणि या आठवड्यात शंभरी गाठणार असं घरात दोनदा जाहीरही करून बसलो होतो. आता त्या ९७ मधून अवैध कमाई किती ते ठरणार, ती कापली जाणार, आणि उरलंसुरलं पुन्हा शंभर होण्याची वाट बघत बसणार. साइट फायद्यात आहे असं मी चारचौघांत सांगत असे. होस्टिंग आणि डोमेनचा, म्हणजे साइटच्या जागेचा आणि नावाचा, खर्च वजा केल्यावर काय उरतं, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला सांगितलं नाही.

साइट डागांवर आहे. कपड्यांवरच्या. शाई, गंज, ग्रीस, डांबर, रक्त. 'आवडीचा विषय निवडा' असं यशस्वी लोक सांगतात. मला डागांची आवड नाही, डागांना माझी आहे. रक्ताचा डाग गरम पाण्यात घातला की त्यातली प्रथिनं गोठतात आणि डाग बसतो तो बसतोच, गंजाच्या डागावर क्लोरीनचं ब्लीच ओतलं की तो आणखी पक्का होतो, हे ज्ञान मी स्वतःचे शर्ट बळी देऊन मिळवलं आहे. ते वाया जाऊ नये एवढाच मूळ हेतू होता. मग कुणीतरी मला त्या अ‍ॅलेक्स ट्यूची गोष्ट सांगितली. इंग्लंडमधला २१ वर्षांचा विद्यार्थी. २००५ साली त्यानं एक वेबपान केलं, त्यावर दहा लाख ठिपके आखले आणि एका डॉलरला एक ठिपका या भावानं जाहिरातींना विकले. सगळे खपले. त्याच्या पानावर वाचण्यासारखं काही नव्हतं. माझ्या पानांवर तर इतकं काही होतं! असा हिशेब करून जो माणूस घरातून निघतो, तो कुठे पोचायचा?

पुढची तीन वर्षं मी काय केलं ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात मलाच आता रस उरलेला नाही. पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसला पाहिजे असा दंडक आहे, म्हणून शर्टाचे फोटो बारीक केले. ते इतके बारीक झाले की डाग दिसेना. थीम, म्हणजे साइटचा पेहराव, बदलली. एक प्लगइन, म्हणजे साइटला जोडायचा तयार पुर्जा, दुसऱ्याशी भांडला म्हणून त्यांच्यात समेट घडवायला तिसरा बसवला. कुलपाचं चिन्ह दाखवणारं फुकटचं सर्टिफिकेट घेतलं. ते ९० दिवसांनी संपतं आणि त्याचं नूतनीकरण आपोआप होतं, म्हणजे होत नाही तेव्हाही आपोआपच होत नाही. एकदा ते संपलं तेव्हा दोन दिवस येणाऱ्या प्रत्येकाला ब्राउझरनं लाल अक्षरांत घाबरवून परत पाठवलं. मला पत्ताही नव्हता. पत्ता लागला तो बायकोच्या मामांचा फोन आला तेव्हा. "जावईबापू, तुमच्यावर धाड पडलीय का?"

मामा माझी साइट उघडतात हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण कौतुक कानात शिरलं की बाकीचं डोक्यात शिरत नाही.

दोन महिन्यांपूर्वी कमाई एकदम वाढली. वर्षभरात पडायची तेवढी रक्कम महिन्यात पडू लागली. त्याच सुमारास मी शीर्षकांचा रंग निळ्याचा नारिंगी केला होता. साहजिकच श्रेय नारिंगीला गेलं. रंगांचं मानसशास्त्र, वाचकाची नजर पानावर कशी फिरते, वगैरे विषयांवर मी एका नवशिक्या मित्राला तासभर व्याख्यान दिलं. त्यानं वहीत टिपून घेतलं बिचाऱ्यानं. आकडेवारीत एक गोष्ट दिसत होती. रोज सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी एक वाचक यायचा, चाळीस मिनिटं थांबायचा, शाईपासून डांबरापर्यंत सगळी पानं चाळायचा. चाळीस मिनिटं! माझ्या साइटवर लोक सरासरी सव्वा मिनिट थांबतात आणि डाग घेऊन परत जातात. हा माझा पहिला खरा वाचक, असं मी मनाशी ठरवलं. त्याच्यासाठी मेणाच्या डागावर नवा लेखही लिहिला.

मंगळवारी मेल वाचून मी सुन्न बसलो होतो, तेवढ्यात मामांचा फोन.

"जावईबापू, आज तुमच्याकडे माल दिसत नाही."

"कसला माल, मामा?"

"अहो, त्या चौकटी. जाहिराती. आज एकही नाही. मी सगळी पानं पालथी घातली. बोहनी करायची राहिली माझी."

माझ्या पोटात गोळा आला. "मामा, तुम्ही जाहिरातींवर क्लिक करता?"

"करता काय? रोज करतो. अंघोळ झाली की पहिलं काम ते. एकही चौकट सोडत नाही. सकाळी दुकान उघडल्यावर पहिलं गिऱ्हाईक घरचं असावं, हात चांगला लागतो."

मामा चाळीस वर्षं हिशेब तपासनीस होते. कुठलंही काम नोंदीशिवाय करणं त्यांच्या रक्तात नाही. "थांबा, वही आणतो," म्हणाले, आणि त्यांनी मला दोन महिन्यांची नोंद वाचून दाखवायला घेतली. "सोमवार. शाईचं पान. चौकटी तीन. एक, गुडघ्याचा पट्टा. दोन, गुडघ्याचा पट्टा, वेगळा रंग. तीन, विमा. गंजाचं पान. चौकटी दोन. गुडघ्याचा पट्टा, गुडघ्याचा पट्टा." मग थोडं थांबून, जावयाला दुखवू नये अशा बेतानं, "एक बोलू का? तुमच्याकडे मालात वैविध्य नाही. डागांच्या दुकानात माणसानं साबण ठेवावा, पावडर ठेवावी. तुम्ही बघावं तेव्हा पट्टेच."

मी त्यांना समजावलं. म्हणजे समजावण्याचा प्रयत्न केला. मामा, त्या जाहिराती मी ठेवत नाही. तुम्ही कधीतरी गुडघ्याचा पट्टा शोधलात, ते ब्राउझरनं लक्षात ठेवलं, आणि तेव्हापासून तुम्ही जाल तिथे पट्टा तुमच्यामागे येतो. १९९४ साली नेटस्केपच्या लू माँटुली या प्रोग्रॅमरनं कुकी नावाची चिठ्ठी शोधून काढली, ती खरं तर दुकानाला गिऱ्हाइकाची टोपली लक्षात राहावी म्हणून. पुढे लोकांनी तिचा जासूस केला.

"म्हणजे मला जे दिसतं ते तुम्हाला दिसत नाही?"

"नाही."

"तुम्हाला काय दिसतं?"

मला काय दिसतं ते मी सांगितलं नाही. केस गळण्यावरचे उपाय दिसतात.

"मग तुमच्या दुकानात तुम्ही काय विकता, हे तुम्हालाच माहीत नाही?" मामांनी विचारलं. चाळीस वर्षांच्या तपासणीत त्यांना असा दुकानदार भेटला नसावा.

मी मुद्द्यावर आलो. क्लिक असे मुद्दाम करायचे नसतात, मामा. घेण्याच्या इराद्यानं करायचे असतात. नुसतेच केले की जाहिरातदाराचे पैसे फुकट जातात, म्हणून कंपनी त्यांना अवैध म्हणते. आणि कुणी केले ते न बघता खातं माझं बंद करते.

"अवैध?" मामांचा आवाज चढला. "मी? आयुष्य गेलं माझं दुसऱ्यांचं अवैध शोधण्यात. आणि इरादा नव्हता कसा? पट्टा घेतला की मी!"

"घेतलात?"

"दुसऱ्याच आठवड्यात. घट्ट होतो. ते तुमच्याशी बोलायचंच होतं, एक नंबर मोठा द्या बदलून."

मी कपाळावर हात मारून घेतला. तेवढ्यात मामांनी सहज, पुरवणी म्हणून सांगितलं, "आणि माझ्या एकट्याच्यानं काय होणार? म्हणून आमच्या पहाटे फिरायला येणाऱ्या मंडळींनाही कामाला लावलंय. अकरा जण. वार वाटून दिलेत. शनिवारवाले जरा आळशी आहेत, त्यांना मी आठवण करतो."

जगातली पहिली मोठी बॅनर जाहिरात २७ ऑक्टोबर १९९४ ला हॉटवायर्ड या साइटवर लागली, एटी अँड टी या कंपनीची. ती बघणाऱ्या शंभरांतल्या ४४ जणांनी तिच्यावर क्लिक केलं असं सांगतात. त्या काळी लोकांना नवल होतं. आज शंभरांत एकानंही केलं नाही तरी कुणाला आश्चर्य वाटत नाही. अशा काळात माझ्या साइटवर बारा माणसं शंभरांत शंभर या दरानं क्लिक करत होती, तेही ठरावीक वेळी, वार लावून. खरं तर कंपनीच्या यंत्राला दोन महिने संशय आला नाही हेच नवल. आणि मी ते नारिंगी रंगावर घातलं होतं.

दाद मागायला एक फॉर्म आहे. पलीकडे माणूस असेल अशी आशा ठेवू नये. त्यात विचारलं होतं की अवैध क्लिकचा स्रोत आपल्याला माहीत आहे का. मी बराच वेळ त्या रिकाम्या चौकटीकडे पाहिलं आणि लिहिलं, 'मामेसासरे'. मग ते खोडून 'एक हितचिंतक' केलं. पुढचा प्रश्न, असे प्रकार पुन्हा होऊ नयेत म्हणून आपण काय उपाययोजना केली आहे? मामांना त्यांची वही पुरावा म्हणून जोडायची होती. "तारीखवार आहे. कुठल्याही तपासणीला उभी राहील." प्रत्येक पानावर सही करून द्यायला तयार होते. गुन्ह्याची इतकी चोख नोंद ठेवणारा गुन्हेगार त्या कंपनीला परत मिळायचा नाही, पण फॉर्मला वही जोडायची सोय नाही. अर्ध्या तासात उत्तर आलं, की आपला अर्ज काळजीपूर्वक तपासण्यात आला आणि निर्णय कायम आहे.

अर्ध्या तासात! माझा एक लेख काळजीपूर्वक वाचायलाही एवढा वेळ लागेल, असं म्हणणार होतो, पण लेख वाचतो कोण? राग मला त्याचा जास्त आहे. बॉलपेनच्या शाईवर स्पिरिट कसं लावायचं, डागाखाली जुनं फडकं का ठेवायचं, चोळायचं नाही तर टिपायचं, हे मी सहा शर्टांवर करून बघून लिहिलं. शोधयंत्राला कळावं म्हणून शीर्षकं, उपशीर्षकं, साइटच्या पानांचा नकाशा, सगळं त्याच्या सोयीनं मांडलं. आता ते शोधयंत्र लोकांना माझंच उत्तर वरच्या वर चार ओळींत सांगून टाकतं. लोक तिथेच वाचतात, शर्ट पुसतात आणि जातात. माझ्यापर्यंत यायचं त्यांना कारणच उरत नाही. त्यातही ते फडकं ठेवायचं सांगत नाही, म्हणजे शाई पाठीमागच्या कापडावर उतरणार, आणि त्याचा दोष कुणाला? मी रात्री जागून यंत्रासाठी लिहितो, यंत्र वाचतं, यंत्रच खातं बंद करतं, यंत्रच माफी नाकारतं. या सगळ्या कारभारात रोज सकाळी हजर राहणारी बारा हाडामांसाची माणसं होती, त्यांना मी परवा फोन करकरून सांगितलं की कृपया येऊ नका. शनिवारवाले म्हणाले, "आम्ही तसेही येत नव्हतो."

नारिंगी रंग परत निळा केला आहे. मित्राला अजून सांगितलेलं नाही. त्यानं आपली साइट संपूर्ण नारिंगी केली आहे.

राहता राहिला पट्टा. मामांची ठाम समजूत आहे की तो माझ्याकडून घेतला, तेव्हा बदलूनही मीच द्यायचा. शेवटी मीच पट्टेवाल्यांची साइट शोधून काढली. आता माझ्याही मागे पट्टे लागले आहेत. केसांचे उपाय गेले, एवढा एक फायदा. साइट बघितली तर शीर्षकं लुकलुकणारी, अर्धे फोटो आडवे पडलेले, कुलपाचं चिन्ह नाही, आणि पान पूर्ण उघडायला मी घड्याळ लावून मोजली तर नऊ सेकंद. अडीच नव्हे, नऊ. 'बदलून हवा' या बटणाखाली त्यांनी लिहिलं होतं की सध्या मागणी फार असल्यामुळे तीन आठवडे लागतील.